भिवघाटाचा चढ

उंब्रजच्या बाजारपेठेत इलाही शिकलगारचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान आहे. चाळिशीत शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं. चालण्याचा त्याला कंटाळा, म्हणून त्यानं सायकल घेतली. आधी मसूरपर्यंत, मग कऱ्हाडपर्यंत, मग साताऱ्यापर्यंत असं करता करता शुगर आटोक्यात आली, पोट उतरलं. पण तोवर सायकल नुसती औषधापुरती राहिली नव्हती. बायको शकिला म्हणायची, हे एक जाऊन दुसरंच दुखणं आलं.

साताऱ्यातल्या एका शर्यतीनंतर पोह्यांच्या रांगेत त्याची तानाजी पुकळेशी ओळख झाली. तानाजी म्हसवडजवळच्या वाडीतला, मेंढरांमागं वाढलेला. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यानं वडूजला भरतीची अकॅडमी काढली होती. पत्र्याची शेड, मागं मैदान, आणि पोलीस किंवा सैन्यात जायचं म्हणून आलेली पोरं. रोज सकाळी तो त्यांच्या पुढं पळायचा. इलाही त्याला हवालदारच म्हणायचा. दोन वर्षांत घरोबा इतका वाढला, की तानाजीची बायको स्वप्नाली इलाहीला भाऊजी म्हणू लागली आणि तिच्या हातची बाजरीची भाकरी शकिलाच्या घरी पोचू लागली.

दोघांनी मिळून डिसेंबरातल्या ट्रायथलॉनला नाव घातलं. लांब पल्ल्याची. समुद्रात जवळपास चार किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन एकशे ऐंशी किलोमीटर सायकल मारायची आणि सायकल ठेवून बेचाळीस किलोमीटर पळायचं, सगळं एका दिवसात. त्यासाठी त्यांनी सांगलीच्या वीरधवल सरांकडं तयारी सुरू केली. सर फोनवरून दर आठवड्याचा सराव ठरवून द्यायचे आणि महिन्यातून एकदा दोघांना सांगलीला बोलवायचे.

पहिल्याच भेटीत सरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "तुम्हाला दिवसभर चालणारं इंजिन बनवायचंय. ते सावकाश सायकल मारूनच बनतं. आठवड्यात एकदा जोर लावायचा, फार तर दोनदा. बाकी सगळं असं, की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागली की समजायचं, चुकलं. अंतर वाढवायचं असेल त्या आठवड्यात जोर कमी करायचा. जोर वाढवायचा असेल तर अंतर कमी. दोन्ही एकदम वाढवलंत तर शरीर एक दिवस हिशोब मागतं."

दोघांनी माना डोलावल्या. पण ऐकलं दोघांनीही नाही. आपापल्या परीनं.

तानाजीचं म्हणणं असं, की अकॅडमीतलं पळणं हा सराव नव्हेच, ती भाकरी आहे. पहाटे पोरांना घेऊन मैदानाला फेऱ्या मारायच्या, टेकडी चढायची, आणि संध्याकाळी सरांनी दिलेली सायकल. सकाळचं पळणं त्यानं सरांना कधी सांगितलंच नाही. जुलैमध्ये तो वाळला. डोळे आत गेले. उठल्या उठल्या नाडी मोजायला सर सांगायचे, ती दर आठवड्याला थोडी थोडी वर चढत होती. तानाजी म्हणायचा, "फौजेत यापेक्षा लय काढलंय गड्या."

इलाहीचं दुखणं वेगळं होतं. त्याला सावकाश जाणं जमायचंच नाही, आणि त्याचं कारण तानाजी होता. कुठलाही चढ आला की तानाजी न बोलता, धाप न लागता पुढं निघून जायचा. त्याच्या लेखी ते सावकाशच असायचं. इलाही मागं ऊर फुटेस्तोवर पायडल मारायचा आणि वर पोचायचा तेव्हा तानाजी सायकल दगडाला टेकवून, पाणी पिऊन, त्याची वाट बघत उभा असायचा. "ये, ये. बस जरा," म्हणायचा. त्या म्हणण्यात कसलाही टोमणा नसायचा. इलाहीला तेच सहन व्हायचं नाही. शामगावचा घाट असो नाहीतर औंधचा चढ, वर कायम तानाजी उभा. इलाहीनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही. मित्राचं चांगलं बघवत नाही, हे सांगायचं तरी कसं?

सप्टेंबरात सरांनी सगळ्यात लांब सायकल दिली. वडूजहून दहिवडी, म्हसवड, तिथून सांगली जिल्ह्यात आटपाडी, भिवघाट, विटा, आणि मायणीवरून परत वडूज. "पूर्ण अंतर, पण सगळं सावकाश," सरांनी बजावलं होतं. "चढाला तर जास्तच सावकाश."

इलाही सायकल गाडीत टाकून उजाडता उजाडता वडूजला आला. तानाजी शेडपाशी स्वेटर घालून उभा होता. इलाहीनं कधी त्याला स्वेटरात पाहिलं नव्हतं.

"काय हवालदार, थंडी वाजतीया?"

"दोन दिवस कणकण हाय. काल अंगात तापच हुता," तानाजी म्हणाला. मग घराच्या दाराकडं बघून त्यानं आवाज उतरवला. "स्वप्नालीला बोललो न्हाई. जाऊ द्यायची न्हाई ती."

"मंग नको की. पुढच्या रविवारी जाऊ."

"पुढच्या रविवारी पोरांची चाचणी हाय. जाऊ आजच. पर लय सावकाश जाऊ बरं का. सर म्हणत्यात तसं, खरंच सावकाश."

"जाऊ," इलाही म्हणाला.

आणि म्हसवडपर्यंत ते तसेच गेले. माणदेशातला रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना बाजरीची रानं, अधूनमधून मेंढरांचे कळप. तानाजी एरवीपेक्षा गप्प होता, तरी शेजारी शेजारी चालले होते. त्याचा बाप भाऊसो आजही मेंढरं राखतो, या दिवसांत तो कुठल्या माळावर असेल, असं काहीबाही त्यानं सांगितलं. आटपाडीत दोघांनी केळी खाल्ली. तानाजीनं अर्धंच खाल्लं, उरलेलं एका शेळीला दिलं.

"परत फिरायचं का? एसटी मिळंल की," इलाहीनं विचारलं.

"आता अर्ध्याच्या वर झालं. चल."

करगणीच्या पुढं पश्चिमेचा वारा समोरून लागायला लागला. तेवढ्यात मागून सांगलीच्या सायकल क्लबची सात-आठ जणं आली. एकसारखे कपडे, एकामागं एक रांग. त्यांतला एकजण जाता जाता हसून म्हणाला, "काका, मागं लागा. वारा लागायचा नाही."

इलाहीनं तानाजीकडं पाहिलं. तानाजीनं मान हलवली, नको. पण इलाहीच्या पायांनी आधीच जोर धरला होता. तो रांगेच्या शेपटाला जाऊन चिकटला. त्याला वाटलं, थोडंच जाऊ, मग सोडू. मागून तानाजीही आला. फौजेतला माणूस. साथीदार पुढं गेला की आपण जायचं, एवढंच त्याला ठाऊक. भिवघाटाच्या पायथ्यापर्यंत दोघंही त्या रांगेत होते, आणि तो वेग सावकाश वगैरे काही नव्हता.

चढ सुरू झाला. रांग विस्कटली. इलाहीचे पाय त्या दिवशी विलक्षण चांगले होते, तसे महिन्यातून एखाद्या दिवशीच असतात. पहिल्या वळणावर त्यानं क्लबच्या दोघांना मागं टाकलं. दुसऱ्या वळणावर त्यानं मान वळवून खाली पाहिलं.

तानाजी मागं होता. पन्नास-साठ पावलं मागं. तो हँडलवर ओणवा झाला होता, खांदे डावीउजवीकडं हलत होते, तोंड उघडं. इलाहीनं त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं. कळून चुकावं इतकं ते स्पष्ट होतं. हा माणूस आजारी आहे, आणि त्याला थांबवायला हवं.

इलाहीला आनंद झाला.

तो आनंद इतका सरळ होता, की त्याला त्याची लाजही वाटायला वेळ मिळाला नाही. आज वर मी उभा असेन. तो सीटवरून उठला, पायडलवर उभा राहिला आणि होता नव्हता तो जोर लावून चढ संपवला. माथ्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. त्यानं सायकल एका दगडाला टेकवली, पाणी प्यायला आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. क्लबची माणसं एकेक करून वर आली आणि हात करून पुढं गेली.

तानाजी आला नाही.

थोड्या वेळानं एक टेम्पो खालून वर आला. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. "तुमच्यातलाच हाय का वो? खाली पडलाय एकजण."

तानाजी तिसऱ्या वळणाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला आडवा होता. कणसं विकायला बसणाऱ्या राहीबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती पदरानं वारा घालत होती. "वाकडा झाला आन् कोसळलाच बगा," ती म्हणाली. "उठतो म्हणतोय, उठवंना." तानाजीचे ओठ काळेनिळे पडले होते. इलाहीनं त्याचं मनगट धरलं. नाडी लागत होती, पण तिला ताल नव्हता. कोंडलेलं पाखरू फडफडावं तशी.

टेम्पो मागं फिरवून आलेल्या त्या ड्रायव्हरनंच त्यांना विट्याला नेलं. तिथल्या दवाखान्यात तानाजीचं हृदय एकदा थांबलं आणि शॉक देऊन ते पुन्हा चालू केलं. संध्याकाळच्या आत त्याला सांगलीला हलवलं.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी स्वप्नालीला समोर बसवून समजावलं. ताप साधा विषाणूचाच होता, पण तो हृदयाच्या स्नायूत उतरला होता. घरी पडून राहिले असते तर बहुतेक आपोआप बरं झालं असतं. त्यात शरीर आधीच महिनोन्‌महिने थकलेलं, आणि सुजलेल्या हृदयावर एवढा जोर पडला. "तो स्नायू आता पूर्वीसारखा होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "छातीत एक यंत्र बसवावं लागेल. पळणं, सायकल, वजन उचलणं कायमचं बंद."

स्वप्नाली बाहेर आली. बाकावर वीरधवल सर आणि इलाही बसले होते. तिनं सरांकडं पाहिलं नाही. इलाहीसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, त्यांना ताप हुता. तुमाला म्हाईत हुतं?"

इलाही उठून उभा राहिला. सर शेजारी होते. समोर स्वप्नालीचे डोळे. रात्रभर ती झोपली नव्हती.

"न्हाई वहिनी," तो म्हणाला.

"मला सांगितलं न्हाई, तुमाला सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "कसला माणूस हाय ह्यो."

सरांनी मान खाली घातली. त्यांना तोवर सकाळच्या पळण्याचंही कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. दिवसभरात आणखी काय काय करता, हे मी कधी विचारलंच नाही."

तानाजी शुद्धीवर आला, यंत्र बसलं, आणि सगळ्यांसमोर स्वप्नालीनं त्याला जाब विचारला तेव्हा इलाही खाटेच्या पायथ्याशी उभा होता. "मला न्हाई तर न्हाई, जोडीदाराला तरी सांगायचं हुतं," ती म्हणाली. तानाजीनं इलाहीकडं पाहिलं. ते पाहणं फार वेळ टिकलं नाही.

"चुकलं माजं," तो म्हणाला. "कुणालाच बोललो न्हाई."

अकॅडमी दिवाळीपर्यंत कशीबशी चालली. तानाजी शेडच्या दारात खुर्चीवर बसून शिट्टी वाजवायचा. पण भरतीला येणाऱ्या पोरांना पुढं पळणारा माणूस लागतो. पोरं एकेक करून दुसरीकडं गेली. त्यानं शेडची जागा सोडली आणि बायकोमुलीला घेऊन बापाकडं वाडीला गेला.

इलाहीनं सराव सोडला नाही. सोडला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं. आता त्याच्यासोबत कुणी नसायचं, त्यामुळं सरांनी सांगितलेला सावकाश वेग त्याला आपसूक जमायला लागला. अंतर आणि जोर यांचा मेळ बसला. अंग हलकं झालं. सर म्हणाले, "तुम्ही आता खरे तयार झालात." डिसेंबरात त्यानं ट्रायथलॉन पुरी केली. समुद्रातून निघाला, सायकल संपवली, शेवटचे काही किलोमीटर चालत-पळत काढले आणि रेषा ओलांडली. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं. त्याला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उंब्रजमध्ये मित्रमंडळींनी फ्लेक्स लावला आणि शाळेच्या मैदानात सत्कार केला. तानाजीचा फोन आला. "नाव काढलंस गड्या," म्हणाला. आवाज बरा होता.

अधूनमधून जायचा तसा जानेवारीत इलाही वाडीला गेला. घरासमोर वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं लावलेलं होतं. म्हातारा भाऊसो कोकरांना पाला टाकत होता. तानाजी बाजेवर बसला होता. तो आता फुगीर दिसत होता, गोळ्यांनी. छातीवर डाव्या बाजूला शर्टाखाली यंत्राचा उंचवटा दिसत होता. त्यानं हसून जागा करून दिली, शर्यतीचं बारीकसारीक विचारलं. पाणी गार होतं का, वारा कुठल्या बाजूचा होता, पळताना पोटात काही टिकलं का. इलाही सांगत गेला.

स्वप्नाली चहा घेऊन आली. कप देता देता नवऱ्याला म्हणाली, "बगा भाऊजींकडं. सरांचं ऐकून, नीट ऱ्हाऊन कसं तडीला नेलं. आन् तुमी. ताप लपवून गेलात. पोरीचं काय हुईल, ह्याचा इचार केला न्हाई." हे ती पहिल्यांदा बोलत नव्हती. तानाजीच्या तोंडावरून कळत होतं, की हे रोजचं आहे. तो कपात बघत राहिला.

इलाहीनं कप खाली ठेवला.

"वहिनी, मला म्हाईत हुतं."

"काय?"

"ताप. सकाळी निघतानाच सांगितलं हुतं त्यांनी मला. सावकाश जाऊ म्हणाले हुते. मी जोरात गेलो. घाटात मागं वळून बगितलं, त्यांना चालवत नव्हतं. तरी थांबलो न्हाई. दवाखान्यात तुमाशी खोटं बोललो."

भाऊसोचा हात पाल्यावर थांबला. स्वप्नालीनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला, की इलाहीला तिथं थांबवेना. चार महिने ती ज्याला बोलत आली होती तो गप्प बसला होता, हे तिला त्या क्षणी उमगत होतं. मग ती इलाहीकडं वळली.

"चहा घ्या भाऊजी," ती म्हणाली. "आन् जावा."

आणि ती आत गेली. इलाहीनं चहा संपवला. तो टाकून उठणं त्याहून वाईट झालं असतं. तानाजी त्याला गाडीपर्यंत सोडायला आला, हळूहळू, मध्ये एकदा थांबून दम घेत.

"आता बरं वाटतंय?" त्यानं विचारलं.

इलाहीनं खिशातून किल्ली काढली.

"तुला हलकं व्हायचं हुतं. झालास. मी गप बसलो ते काय तुज्यावर उपकार म्हणून न्हवं. अकॅडमी गेली, पोरं गेली. फौजेतल्यांचं फोन यायचं बंद झालं. एक तू यायचास. तुजं येणं बंद हुऊ नये म्हणून गप बसलो. तिचं बोलणं मी खात हुतो. माजं मी बगून घेतलं असतं."

"हवालदार, घाटात मी..."

"मला म्हाईत हाय. तू मान वळवलीस तवा मी तुज्याकडंच बगत हुतो. मला वाटलं, थांबंल आता. मंग तू पायडलवर उभा ऱ्हायलास." तानाजीनं गाडीच्या दारावर हात ठेवला. राग त्याच्या आवाजात नव्हता. शोधूनही सापडला नसता. "मीबी थांबायला पायजे हुतं. ते माजं हाय, तुज्यावर घालत न्हाई. पर आता येऊ नको. ती नको म्हणल, आन् तिला तुज्यासाठी समजवायला माज्यात दम न्हाई."

इलाही परत आला. त्यानंतर दोन्ही घरांतले फोन बंद झाले. वीरधवल सरांकडून कधीतरी कळलं, की तानाजीला दूध संकलन केंद्रावर बसून करायचं काम मिळालं आहे, आणि स्वप्नाली त्याला रोज स्वतः पोचवायला जाते. इलाहीनं घरी काही सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये ईद आली. शकिलानं शिरखुर्म्याचा एक मोठा डबा वेगळा भरला आणि फडक्यात बांधून त्याच्यासमोर ठेवला. "पुकळ्यांकडं देऊन या," ती म्हणाली. "आजारी माणूस. बऱ्याच दिवसांत गेला नाहीत तुम्ही."

इलाही डबा घेऊन गाडीनं निघाला. दहिवडीपर्यंत गेला. स्टँडसमोर गाडी लावून बराच वेळ बसून राहिला. मग रस्त्याच्या कामावर दुपारच्या जेवणाला बसलेली माणसं दिसली, त्यांना त्यानं तो डबा दिला. त्यांनी खाऊन, पाण्यानं धुऊन परत केला.

घरी आल्यावर शकिलानं रिकामा डबा हातात घेतला. आतून बघितला आणि खूश झाली.

"खाल्ला त्यांनी?"

"खाल्ला."

"वहिनी काय म्हणाल्या?"

इलाही बूट काढत होता. नाड्यांची गाठ सुटत नव्हती.

"गोड झालाय म्हणाल्या," तो म्हणाला.